सांडपाणी प्रक्रिया केंद्रासाठी पैसा कसा उभा करायचा: नव्याने फाईल हाती आलेल्यांसाठी

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२१ मध्ये देशभरातल्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रांची मोजदाद प्रसिद्ध केली. शहरांत रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होते. बसवलेली क्षमता ३१,८४१ दशलक्ष लिटरची. प्रत्यक्षात प्रक्रिया होत होती २०,२३५ दशलक्ष लिटरवर. पहिल्या दोन आकड्यांतली दरी सगळ्यांना दिसते, भाषणांतही तीच येते. पैशाचा विचार करणाऱ्याने मात्र दुसऱ्या आणि तिसऱ्या आकड्यातले अंतर पाहावे. बांधून झालेल्या क्षमतेचा एक-तृतीयांशाहून जास्त भाग कामालाच लागलेला नव्हता. त्या क्षमतेसाठी कुणीतरी अनुदान दिले होते, कुणीतरी कर्ज काढले होते, कोनशिलाही बसली होती. कमी पडले ते पुढचे सगळे: गल्लीतल्या वाहिन्या, घरजोडण्या, विजेचे बिल भरायची ऐपत, केंद्र चालवणारी माणसे.

म्हणून हा लेख उलट्या क्रमाने जातो. केंद्र चालवायला काय लागेल ते आधी, बांधायला काय लागेल ते नंतर, आणि अर्ज कुठे करायचा ते सर्वांत शेवटी. तुम्ही नवे नगरसेवक असाल, लेखा विभागात नुकतेच आला असाल, कनिष्ठ अभियंता असाल किंवा फक्त प्रश्न विचारू इच्छिणारे नागरिक असाल, हा क्रम सोडू नका. योजनांची नावे देशागणिक आणि दर काही वर्षांनी बदलतात. पैशाचे गणित बदलत नाही.

पायरी १: चालवण्याचा खर्च आधी काढा

एक कोरा तक्ता घ्या आणि त्यात पुढची पंधरा-वीस वर्षे आडवी मांडा. उभ्या रकान्यात वीज, मनुष्यबळ, रसायने, गाळाची विल्हेवाट, पाण्याच्या तपासण्या, किरकोळ दुरुस्ती आणि यंत्रे बदलण्याची तरतूद लिहा. शेवटची नोंद सर्वांत जास्त वेळा विसरली जाते. काँक्रीटच्या टाक्या तीस-चाळीस वर्षे टिकतात. पंप, ब्लोअर (पाण्यात हवा सोडणारी यंत्रे), विद्युत पॅनेल यांचे आयुष्य साधारण दहा ते पंधरा वर्षे. म्हणजे वीस वर्षांचे कर्ज अजून फिटायचे असताना निम्मी यंत्रसामग्री बदलायची वेळ येते, आणि त्या वेळी कुठलीही योजना पैसे द्यायला येत नाही.

विजेचा रकाना विशेष काळजीने भरा. सूक्ष्मजीवांच्या साह्याने पाणी शुद्ध करायच्या नेहमीच्या पद्धतींत पाण्यात हवा सोडावी लागते आणि केंद्राच्या एकूण विजेपैकी निम्मी किंवा त्याहून जास्त तिथेच जाते. तंत्रज्ञान निवडणे हा त्यामुळे फक्त अभियंत्याचा विषय राहत नाही. स्थिरीकरण तळ्यांना (उघड्या तळ्यांत पाणी बरेच दिवस ठेवून ते शुद्ध होऊ द्यायची पद्धत) जागा भरपूर लागते, वीज जवळजवळ नाही. पटलाने (मेम्ब्रेनने) गाळणाऱ्या आधुनिक केंद्रांना जागा थोडी लागते आणि पाणी उत्तम मिळते, पण वीजही जास्त आणि काही वर्षांनी पटले बदलायचा मोठा खर्चही. या दोन टोकांच्या मध्ये बरेच पर्याय आहेत. ठेकेदार बांधकामाची किंमत सांगेल. तुम्ही त्याच्याकडून हमीने लिहून घ्यायचा आकडा वेगळा: दर दशलक्ष लिटरमागे किती युनिट वीज लागेल. निविदांची तुलनाही बांधकाम आणि पंधरा वर्षांचा चालवण्याचा खर्च मिळून झाली पाहिजे. नुसत्या कमी बांधकाम-किमतीवर काम दिले, तर स्वस्त केंद्र पदरात पडते आणि महाग बिल गळ्यात.

या तक्त्यातली वार्षिक बेरीज शहराला झेपणारी नसेल तर इथेच थांबा. केंद्र लहान करा, टप्प्यात बांधा किंवा तंत्रज्ञान बदला. अनुदान शंभर टक्के मिळणार असले तरी हेच करा. किंबहुना शंभर टक्के मिळणार असेल तेव्हा जास्त सावध राहा, कारण फुकटच्या केंद्राचा आकार कुणी तपासत नाही.

पायरी २: केंद्र केवढे, ते पाणी पोचेल त्यावरून ठरवा

भारतात नियोजनाचा रूढ हिशोब असा: माणशी दिवसाला १३५ लिटर पाणीपुरवठा, त्यातले ८० टक्के सांडपाणी होऊन परत येते. एक लाख वस्तीला हे १०.८ दशलक्ष लिटर होतात. लोकसंख्या तीस वर्षांनी दुप्पट होईल असे धरले की अहवालात २१-२२ दशलक्ष लिटरचे केंद्र उगवते. कागदावर सगळे बरोबर असते. पण निम्मी घरे सेप्टिक टँकवर असतील आणि त्यांच्या रस्त्यावर वाहिनीच नसेल, तर पहिल्या दिवशी केंद्रात चार-पाच दशलक्ष लिटर पोचेल. अर्धपोटी केंद्र नीट चालतही नाही. सूक्ष्मजीवांना पुरेसे खाद्य मिळत नाही, पंप सारखे चालू-बंद होतात, आणि कर्जाचा हप्ता मात्र पूर्ण क्षमतेचा भरावा लागतो.

अंदाजपत्रकात वाहिन्या, पंपिंग स्टेशन, घरजोडण्या आणि केंद्र हे चार आकडे वेगवेगळे मागा. वाहिन्यांचा खर्च केंद्राहून अनेक पटींनी जास्त निघाला तर दचकू नका, बहुतेक शहरांत तसाच निघतो. दचकायचे ते घरजोडणीचा रकाना रिकामा असेल तेव्हा. नाल्यात वाहणारे पाणी अडवून थेट केंद्रात वळवणे हा जलद उपाय आहे आणि कित्येक ठिकाणी पहिली पायरी म्हणून योग्यही. तसे करणार असाल तर पावसाळ्यात त्या नाल्यातून काय येईल याचा विचार आराखड्यात हवा. शिवाय केंद्र दोन-तीन समान भागांत बांधायची सोय ठेवली की नंतरच्या भागांचे कर्ज आज काढावे लागत नाही.

जिथे वाहिन्या टाकणे पुढची वीस वर्षे परवडणारच नाही, तिथे सेप्टिक टँकमधला मैला ठराविक मुदतीने उपसून त्यावर वेगळ्या छोट्या केंद्रात प्रक्रिया करणे हा पूर्ण सन्मान्य पर्याय आहे, आणि खर्चाने फारच हलका.

पायरी ३: पैसा शेवटी देणार कोण?

जगात कुठेही गेलात तरी सार्वजनिक पाणी-सांडपाणी सेवेचा पैसा तीनच ठिकाणांहून येतो: वापरणाऱ्यांकडून आकारणी, सरकारच्या करातून मिळणारे अर्थसाहाय्य, आणि बाहेरून येणारी मदत. कर्ज, कर्जरोखे, खासगी भागीदाराची गुंतवणूक हे चौथे, पाचवे, सहावे स्रोत नव्हेत. ते सगळे परत करायचे असते, आणि परत करायचे ते याच तिघांतून. नव्या माणसाने एवढे जरी पक्के धरले तरी अर्ध्याहून अधिक सादरीकरणे त्याला उघडी दिसू लागतील. ‘निधीचे नावीन्यपूर्ण स्रोत’ अशी स्लाइड समोर आली की एकच विचारायचे: याची परतफेड कोण करणार आणि कुठल्या खात्यातून?

सांडपाण्याची एक अडचण पाण्याला नाही. नळाला पाणी आले नाही तर माणूस पालिकेवर मोर्चा काढतो. घरातले घाण पाणी घराबाहेर गेले की त्याचा प्रश्न मिटतो. ते शुद्ध झाले की नाही याचा त्रास खालच्या अंगाच्या गावाला होतो. त्यामुळे शुद्धीकरणाचा सगळा खर्च वरच्या शहराच्या बिलातून वसूल करणे राजकीयदृष्ट्या अवघड आहे, आणि माझ्या मते पूर्णपणे न्याय्यही नाही. इथे करदात्याच्या पैशाला जागा आहे. किती, हे प्रत्येक देशाने आपापल्या परीने ठरवले आहे आणि वेळोवेळी बदललेही आहे.

अमेरिकेचा प्रवास पाहण्यासारखा आहे. १९७२ च्या स्वच्छ पाणी कायद्याने संघराज्य सरकार केंद्रांच्या बांधकामाचा ७५ टक्के खर्च अनुदान म्हणून देऊ लागले. १९८१ च्या दुरुस्तीने हा वाटा ५५ टक्क्यांवर आणला. १९८७ मध्ये अनुदानाच्या जागी फिरते कर्ज-निधी आणायचे ठरले: संघराज्य सरकार प्रत्येक राज्याच्या निधीत भांडवल घालते, राज्य त्यावर २० टक्के भर घालते, शहरांना बाजारापेक्षा कमी व्याजाने कर्ज मिळते, आणि फिटलेले पैसे पुढच्या शहराला जातात. फ्रान्सने १९६४ च्या जलकायद्याने सहा नदीखोऱ्यांसाठी सहा संस्था नेमल्या. त्या पाणी उपसणाऱ्यांकडून आणि प्रदूषण करणाऱ्यांकडून शुल्क घेतात आणि त्याच खोऱ्यातल्या केंद्रांना साहाय्य देतात. वरचे गाव आणि खालचे गाव एकाच खात्यात आले, हे त्या रचनेचे मर्म. युरोपीय संघाने २०२४ मध्ये शहरी सांडपाण्याचा निर्देश नव्याने केला. त्यात औषधांचे अवशेष आणि तत्सम सूक्ष्म प्रदूषके काढायच्या जादा प्रक्रियेचा किमान ८० टक्के खर्च औषध आणि सौंदर्यप्रसाधन उत्पादकांवर टाकला आहे.

यातून तुमच्या तक्त्यासाठी एक साधा नियम निघतो. बांधकामाला सरकारी वाटा मोठा असला तरी चालेल, चालवण्याचा खर्च मात्र शहराच्या स्वतःच्या, दरवर्षी नक्की येणाऱ्या उत्पन्नातून भागला पाहिजे. दरवर्षी मंत्रालयाकडे हात पसरून ब्लोअर चालत नाहीत.

पायरी ४: अनुदानाची पुस्तिका शेवटच्या पानापर्यंत वाचा

भारतातली अमृत २.० ही शहरी पाणीपुरवठा आणि मलनिस्सारणाची केंद्र सरकारी योजना उदाहरणादाखल घेऊ. १ ऑक्टोबर २०२१ रोजी ती सुरू झाली. केंद्र सरकारचा वाटा शहराच्या आकारानुसार ठरवला गेला: एक लाखाखालच्या शहरांना ५० टक्के, एक ते दहा लाखांना एक-तृतीयांश, दहा लाखांवरच्यांना २५ टक्के. रक्कम २०, ४० आणि ४० टक्के अशा तीन हप्त्यांत. दहा लाखांवरच्या शहरांनी योजनेच्या निधीतला किमान १० टक्के भाग खासगी भागीदारीच्या प्रकल्पांना द्यायचा, अशीही अट होती.

हे वाचताना नवखा माणूस ‘५० टक्के’ या शब्दाशी थांबतो. अनुभवी लेखापाल ‘२०, ४०, ४०’ शी थांबतो. पहिला हप्ता खर्च झाल्याचे उपयोगिता प्रमाणपत्र गेल्याशिवाय दुसरा येत नाही. दुसरा येईपर्यंत ठेकेदाराची देयके थांबत नाहीत. मधले काही महिने कुणाच्या पैशाने काम चालवायचे याचे उत्तर आधीच असले पाहिजे, नाहीतर काम रेंगाळते, ठेकेदार भाववाढ मागतो आणि वाढीव खर्चात अनुदानाचा वाटा सहसा नसतो. मंजूर रकमेवर अनुदान, वाढीव रकमेवर स्वहिस्सा. हे वाक्य प्रत्येक पुस्तिकेत कुठल्या ना कुठल्या शब्दांत सापडते.

आणखी काय शोधायचे? जमिनीची किंमत धरली आहे का (बहुधा नाही). घरजोडणी धरली आहे का. चालवण्याचा खर्च किती वर्षे, की अजिबात नाही. स्वहिस्सा कर्जातून दिला तर चालतो का. कर-आकारणीच्या, लेखापरीक्षणाच्या सुधारणा अट म्हणून आहेत का, आणि त्या न केल्यास पुढचा हप्ता अडतो का. जमीन आधी ताब्यात आणि तिच्यावर वाद नसलेली हवी, मगच अर्ज. जागेच्या वादात अडकलेले मंजूर अनुदान हे शहरासाठी नुसते व्याज न देणारे आश्वासन असते.

स्वहिस्सा सभागृहात मंजूर करून घेताना काही न करण्याची किंमतही मांडा. सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने घनकचरा आणि प्रक्रिया न केलेले सांडपाणी यांपायी महाराष्ट्राला १२,००० कोटी रुपयांची पर्यावरण नुकसानभरपाई बाजूला ठेवायला सांगितली. असा आकडा सभेत वाचला की विरोधाचा सूर बदलतो.

पायरी ५: कर्ज घ्या, पण मुदत आणि चलन पाहून

टिकाऊ मालमत्तेसाठी कर्ज काढण्यात काही गैर नाही. चाळीस वर्षे वापरल्या जाणाऱ्या वाहिनीचा सगळा भार आजच्या करदात्यावर का टाकायचा? प्रश्न हप्त्याचा असतो. १०० कोटींचे कर्ज ८ टक्क्यांनी दहा वर्षांसाठी घेतले तर वर्षाला सुमारे १४.९ कोटी फेडावे लागतात, वीस वर्षांसाठी घेतले तर सुमारे १०.२ कोटी. एकूण परतफेड पहिल्या प्रकारात १४९ कोटी, दुसऱ्यात २०४ कोटी. दीर्घ मुदत एकूणात महाग पडते, तरी सांडपाण्यासाठी तीच बहुधा बरी, कारण केंद्राचे उत्पन्न हळूहळू वाढते आणि सुरुवातीची वर्षे जोडण्या करण्यातच जातात. बांधकाम संपेपर्यंत मुद्दल न मागणारी सवलतीची वर्षे मागून घ्या. व्याजदरात अर्धा टक्का कमी करून घेण्यापेक्षा ही सवलत पुष्कळदा जास्त मोलाची ठरते.

अमेरिकेतल्या फिरत्या निधीची मुदत पूर्वी वीस वर्षांची होती, २०१४ च्या कायद्याने ती तीस वर्षांपर्यंत वाढली. नेदरलँड्समधल्या जलमंडळांनी १९५४ मध्ये, आदल्या वर्षीच्या महापुरानंतर, स्वतःची बँकच काढली. ती सार्वजनिक संस्थांच्या मालकीची आहे, बाजारातून मोठ्या रकमेने स्वस्तात पैसा उचलते आणि जलमंडळांना देते.

परकी चलनातले कर्ज व्याजाने स्वस्त दिसते. तिथे एकच गोष्ट पाहायची: विनिमय दर बिघडला तर फटका कुणाला? पुण्याच्या मुळा-मुठा शुद्धीकरण प्रकल्पासाठी जपान सरकारच्या जायका या मदत संस्थेशी जानेवारी २०१६ मध्ये करार झाला. कर्जदार भारत सरकार, आणि शहराला प्रकल्प खर्चाच्या ८५ टक्के रक्कम अनुदान म्हणून, असे सूत्र ठरले. येनच्या चढ-उताराची चिंता महापालिकेच्या लेखा विभागाला नाही, हा त्यातला मोठा फायदा. मात्र करारानंतर निविदांच्या घोळात वर्षे गेली आणि बांधकामाला खरा वेग २०२२ नंतर आला. स्वस्त कर्जाची मंजुरी म्हणजे काम सुरू झाले असे समजू नये.

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या जेफरसन काउंटीचे (म्हणजे जिल्ह्याचे) प्रकरण मात्र प्रत्येक लेखापालाने एकदा वाचावे. सांडपाणी नद्यांत उतू जात होते, १९९६ मध्ये न्यायालयीन तडजोडीने जाळे दुरुस्त करणे बंधनकारक झाले. खर्च वाढत गेला. मग जुने स्थिर व्याजाचे कर्ज बदलून बदलत्या व्याजाचे घेतले आणि धोका झाकायला व्याजदर-अदलाबदलीचे गुंतागुंतीचे करार केले. २००८ च्या आर्थिक संकटात ते सगळे अंगावर आले. नोव्हेंबर २०११ मध्ये काउंटीने दिवाळखोरी जाहीर केली, तीन अब्ज डॉलरहून जास्त कर्ज एकट्या मलनिस्सारणाचे. काही अधिकारी लाचखोरीत दोषीही ठरले. त्यावेळेपर्यंतची ती अमेरिकेतली सर्वांत मोठी स्थानिक संस्थेची दिवाळखोरी होती. सल्लागाराने समजावलेला कर्जाचा प्रकार तुम्हाला साध्या मराठीत सभागृहाला समजावता येत नसेल तर त्यावर सही करू नका.

पायरी ६: कर्जरोखे मोठ्यांनी काढावेत, छोट्यांनी मिळून

कर्जरोखे काढायचे तर तीन गोष्टी आधी लागतात: लेखापरीक्षण झालेले, दुहेरी नोंद पद्धतीचे हिशोब, पतमानांकन, आणि विशिष्ट उत्पन्न थेट जमा होणारे एस्क्रो खाते, ज्यातून आधी रोखेधारकांचा हप्ता जातो, मग उरलेले पालिकेला मिळते. यांपैकी पहिली गोष्ट उभी करायलाच कित्येक शहरांना वर्षे लागतात. रोखे काढायचे नसले तरी ती करा.

गाझियाबादने २०२१ मध्ये १५० कोटींचे हरित कर्जरोखे काढले आणि पैसा घातला सांडपाण्याच्या तृतीय स्तरीय (नेहमीच्या शुद्धीकरणानंतर आणखी शुद्ध करणाऱ्या) प्रक्रिया केंद्रात, ज्याचे पाणी उद्योगांना विकायचे होते. ‘हरित’ शिक्क्यापेक्षा मला त्यातली ही दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. कर्ज ज्या मालमत्तेसाठी, उत्पन्न त्याच मालमत्तेतून. वॉशिंग्टन शहराच्या जलसंस्थेने २०१४ मध्ये ३५ कोटी डॉलरचे तब्बल शंभर वर्षांच्या मुदतीचे रोखे काढले. सांडपाणी साठवणारे जमिनीखालचे बोगदे शतकभर टिकणार, मग कर्जही तेवढेच, हा तर्क. हे प्रत्येकाला जमणारे नाही. वाचून ठेवायला हरकत नाही.

लहान नगरपालिकांनी तमिळनाडूकडे पाहावे. २००२-०३ मध्ये तिथे तेरा छोट्या स्थानिक संस्थांची गरज एकत्र करून एका निधीमार्फत सुमारे ३० कोटींचे रोखे बाजारात आणले गेले. एकट्या गावाला कुणी विचारले नसते. राज्याने राखीव निधीची तजवीज केली, वर अमेरिकी विकास संस्थेची अंशतः हमी होती, आणि हप्ता चुकला तर राज्याकडून त्या गावाला मिळणाऱ्या निधीतून वळता करण्याची तरतूद. हमींचा हा थर पाहूनच गुंतवणूकदार आले.

पायरी ७: खासगी भागीदाराला पैसा समजू नका

खासगी कंपनी केंद्र बांधते, चालवते आणि पालिका तिला वर्षानुवर्षे पैसे देते. भांडवल तिने आणले तरी ते व्याजासकट तुमच्याच खात्यातून जाणार, आणि तिचे व्याज सरकारच्या व्याजापेक्षा महाग. मग करायचे कशाला? कारण चांगल्या करारात बांधणारा आणि चालवणारा एकच असतो. निकृष्ट पंप बसवला तर तो त्यालाच बदलावा लागतो.

नमामि गंगे कार्यक्रमातल्या हायब्रिड ॲन्युइटी पद्धतीत कंपनीला बांधकाम खर्चाचे ४० टक्के, काम चालू असताना, टप्प्याटप्प्याने मिळतात. उरलेले ६० टक्के व्याजासह पुढच्या १५ वर्षांत, केंद्र ठरलेल्या दर्जाचे पाणी देत राहिले तर. चालवण्याचा खर्चही त्याच काळात वेगळा दिला जातो. वाराणसीतले रमणा, हरिद्वार आणि मथुरा इथली केंद्रे या पद्धतीची सुरुवातीची उदाहरणे. ब्राझीलच्या राष्ट्रीय जलसंस्थेने २००१ मध्ये त्याहून पुढचे पाऊल टाकले: बांधकामाला पैसे न देता शुद्ध झालेल्या सांडपाण्याला पैसे. रक्कम आधीच एका खात्यात ठेवलेली असते, केंद्र सुरू होऊन प्रदूषण ठरल्याइतके घटल्याचे प्रमाणित झाले की ती हप्त्याहप्त्याने सुटते.

करार वाचताना दोन कलमांवर बोट ठेवा. एक, केंद्रात पुरेसे पाणी आले नाही तर काय? चेन्नईजवळच्या आलंदूरमध्ये केंद्र खासगी कंपनीने बांधले, पण वाहिन्या पालिकेच्या. अशा वेळी कंपनी किमान प्रवाहाची हमी मागणारच. ती देताना दुसऱ्या पायरीतला खरा प्रवाह डोळ्यांसमोर ठेवा, अहवालातला नव्हे. दोन, येणारे पाणी अपेक्षेपेक्षा घाण असेल, समजा कुणी कारखान्याचे रसायन गटारात सोडले, तर जबाबदारी कुणाची? उद्योगांच्या सांडपाण्यावर देखरेख पालिकेची आणि प्रदूषण मंडळाची. ती ढिली असेल तर कंपनी हे कलम दाखवून प्रत्येक वेळी सुटेल.

पायरी ८: घरजोडणी, आकारणी आणि पाण्याचा ग्राहक

आलंदूरचे नाव जगभर घेतले जाते ते वेगळ्या कारणाने. १९९० च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या पालिकेने भुयारी गटार योजनेसाठी घरटी ५,००० रुपये ठेव आगाऊ मागितली. राज्याचा निधी आणि कर्ज लोक पैसे भरतात का हे पाहूनच पुढे सरकणार होते. पालिकेच्या अध्यक्षांनी आणि रहिवासी संघांनी गल्लोगल्ली बैठका घेतल्या आणि हजारो घरांनी एकही वाहिनी पडायच्या आधी पैसे भरले. ज्याने ठेव भरली तो जोडणी घेतोच. केंद्राला पाणी मिळण्याची चिंता या ठेवीने निम्मी केली. गरीब वस्त्यांत मात्र अशी ठेव हा अडथळा होतो. तिथे हप्ते द्या किंवा जोडणी फुकट करा. जोडणीचे अनुदान हे सगळ्या प्रकल्पातले सर्वांत स्वस्त अनुदान आहे, कारण ते नसेल तर बाकीचा खर्च वाया जातो.

मासिक आकारणी पाण्याच्या बिलाला जोडणे सर्वांत सोपे: वेगळी वसुली यंत्रणा लागत नाही आणि पाणी जास्त वापरणारा जास्त देतो. मीटर नसतील तर मालमत्ता करासोबत. दर एकदा ठरवून दहा वर्षे गोठवू नका. विजेचा दर दरवर्षी बदलतो, त्याच्याशी जोडलेली छोटी वार्षिक वाढ पहिल्याच ठरावात मंजूर करून घ्या. दरवर्षी नवा ठराव आणायचा म्हटले की कुठले ना कुठले वर्ष निवडणुकीचे निघतेच.

शुद्ध केलेले पाणी विकता येते, आणि हे उत्पन्न खरे आहे, फक्त ग्राहक आधी शोधावा लागतो. नागपूरचे प्रक्रिया केलेले सांडपाणी महानिर्मितीच्या कोराडी वीज केंद्राला जाते. २०१६ च्या केंद्रीय वीजदर धोरणाने सांडपाणी केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतल्या औष्णिक वीज केंद्रांना असे पाणी वापरणे बंधनकारक केले आणि त्याचा खर्च वीजदरात धरायला परवानगी दिली. जवळपास वीज केंद्र, तेलशुद्धीकरण कारखाना किंवा औद्योगिक वसाहत असेल तर आराखडा करायच्या आधी त्यांच्याशी बोला. त्यांना कोणत्या दर्जाचे पाणी लागते त्यावर केंद्राचे तंत्रज्ञान ठरेल. करारात ‘पाणी उचलले नाही तरी ठरावीक रकमेचे पैसे’ हे कलम हवे. ते नसेल तर विक्रीचे उत्पन्न तक्त्यात धरू नका, मिळालेच तर दुरुस्ती निधीत टाका. ताजे पाणी कवडीमोल मिळत असेल तोवर कुणीही कारखाना शुद्ध केलेल्या सांडपाण्याला भाव देणार नाही, हेही पाटबंधारे खात्याशी बोलताना लक्षात असू द्या.

पायरी ९: आता अर्ज

इथवर आलात तर सविस्तर प्रकल्प अहवाल, तांत्रिक मंजुरी, प्रशासकीय मान्यता, निविदा हा नेहमीचा क्रम सोपा जातो, कारण प्रत्येक टेबलावर विचारले जाणारे प्रश्न तुम्ही स्वतःला आधीच विचारलेले असतात. अर्जासोबत पंधरा वर्षांचा तक्ता जोडा, मागितला नसला तरी. अंदाजपत्रकात चालवण्याच्या खर्चासाठी स्वतंत्र लेखाशीर्ष उघडून घ्या आणि यंत्रे बदलण्याचा निधी वेगळ्या खात्यात ठेवा. सामान्य निधीत मिसळलेला पैसा रस्त्यांवर खर्च होतो.

केंद्र चालवायचा ठेका पाच वर्षांचा असो की पंधरा, तो संपायच्या दोन वर्षे आधी पुढची तयारी सुरू करा. जुन्या कंपनीच्या ताब्यातल्या यंत्रांची स्थिती त्रयस्थाकडून तपासून घ्या, सुट्या भागांची यादी आणि वीज वापराच्या नोंदी ताब्यात घ्या, अनामत रक्कम त्यानंतरच सोडा. नवी निविदा निघून कंपनी येईपर्यंतचे महिने केंद्र कोण चालवणार, त्याचा पगार कुठल्या लेखाशीर्षातून आणि विजेचे बिल कुणाच्या नावावर, हे जुना करार चालू असतानाच लेखी ठरवून ठेवा.